वायर टेबलापर्यंत पोचली पाहिजे

‘उलथनं जिच्या हातात, तिनं शेवटी खायचं, आणि का, ते विचारायचं नाही’ — हा आमच्या घरचा नियम आहे दादा, मला कळायला लागल्यापासून मी तो ऐकतेय, आणि म्हणूनच मघापासून तुम्हाला विचारतेय की या वॉफल मेकरची वायर केवढी आहे. नाही, रंग नका सांगू. लाल आहे, दिसतंय मला. किती वॅटचा आहे तेही नको. वायर! तिला बांधलेली ती बारीक तार सोडा, पूर्ण उलगडा — घाबरू नका हो, परत गुंडाळून देईन, तुमच्यापेक्षा नीट देईन. हं. धरा तुम्ही ते टोक. अरेच्चा, एवढीच? संपली? अहो ही तर भिंतीला चिकटून बसायची! जो उठतो तो ओट्यापुरतीच वायर लावतो. तो दुसरा बघू, गोल, फिरवायचा. त्याचीही तेवढीच? म्हणजे सगळ्या कंपन्यांनी ठरवूनच टाकलंय की ही वस्तू ओट्यावर राहणार आणि तिच्यासमोर कुणीतरी उभं राहणार. बरं, बरं, सुरक्षेसाठी असते आखूड, मान्य. पण मला नकोय. मला ओट्यावर ठेवायचाच नाहीये. मला तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचाय — अगदी मधोमध, जिथे मिठाची बाटली असते तिथे — आणि प्लग आमचा मागच्या भिंतीवर, कपाटाच्या अंगाला, म्हणजे समजा इथून... त्या मिक्सरच्या खोक्यापर्यंत. हसताय? हसा हसा. मला पण सकाळपासून हसूच येतंय.

हळू बोलते, थांबा. अजून कुणाला सांगितलेलं नाही ना मी. सगळं खानदान बरोबर आलंय. तिकडे मसाजच्या खुर्चीत बसलेत ना, ज्यांचा चष्मा नाकावर थरथरतोय, ते आमचे आजोबा. ‘बघू तरी कशी असते’ म्हणून टेकले, आणि आता तुमचा माणूस खुर्ची बंद करायला गेला की त्यांना नेमकी झोप लागते. फ्रिजपाशी हात मागे बांधून उभे आहेत ते मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. त्यांना फ्रिज घ्यायचा नाहीये. फ्रिजमधलं आपल्याला सगळं कळतं हे समोरच्याला कळावं, एवढीच त्यांची माफक इच्छा आहे — तो बिचारा मान हलवून हलवून दमला बघा. बाबा गाडीत आहेत. सावलीतली जागा मिळाली की ते ती सोडत नाहीत, आणि मत विचारायला गेलात तर अर्धी काच खाली करून ‘मोठ्याला विचारा’ म्हणतील. आणि ती खांबाला टेकून, दोन्ही हातांत सगळ्यांच्या पिशव्या घेऊन उभी आहे ना — ती आई. नाही, स्टूल नका देऊ. ती म्हणेल, ‘असू दे, मी बरी आहे.’ तुम्ही देऊन बघा. — बघितलंत? काय म्हणाली? सांगितलं होतं मी!

तर झालं असं की मला नोकरी लागली आणि पहिला पगार झाला — थँक्यू, थँक्यू — आणि आजोबा म्हणाले, घरात काहीतरी वस्तू येऊ दे तुझ्या कमाईची, सगळ्यांच्या उपयोगाची. मी म्हटलं, वॉफल मेकर. आजोबा म्हणाले, म्हणजे काय? मी मोबाइलवर फोटो दाखवला. काका म्हणाले, ‘हे जाळीदार बिस्किट? आइस्क्रीमखाली असतं ते?’ मी म्हटलं, नाही हो, ताजं असतं, गरम, नाश्त्याला. ‘गरम’ म्हटल्याबरोबर चेहरे उजळले दादा! आमच्याकडे गरम या शब्दाला फार किंमत आहे. आणि लगेच काका म्हणाले, ‘मग चांगलंय की, तुझी आई करेल.’ झालं! आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की हे वाक्य तिच्याबरोबर वॉरंटी कार्डासारखं येतं. मिक्सर आला, तुझी आई करेल. ओव्हन आला, तुझी आई करेल. वॉशिंग मशीन आलं तेव्हा तर काका इतके खूश — आता काय, हिला आरामच आराम — आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना रोज धुतलेली चादर लागायला लागली! काका एकटेच आहेत, लग्न केलं नाही त्यांनी, त्यामुळे स्वयंपाकघर हे आपोआप चालतं अशी त्यांची खरोखरच समजूत आहे. वाईट नाहीत हो. वाईट कुणीच नाही आमच्यात, तीच तर पंचाईत आहे, भांडायचं कुणाशी?

तुम्ही म्हणाल, ओट्यावर ठेवला तर काय बिघडलं. सांगते. आमच्या घरी रविवारी ऑम्लेट असतं. आजोबांना पहिलं, काकांना दुसरं, बाबांना तिसरं, मला चौथं, की पुन्हा आजोबांपासून. ‘अजून एक!’ असं कुणी ओरडत नाही बरं का, आम्ही सभ्य लोक आहोत, आम्ही फक्त ताटली किंचित पुढे सरकवतो. आणि आई गॅससमोर, आमच्याकडे पाठ करून. पाठीला डोळे असल्यासारखं तिला कळतं की ताटली सरकली. खरं सांगते दादा, नाश्त्याच्या वेळी आईचा चेहरा कसा दिसतो मला माहीत नाही. पाठ माहीत आहे. उजवा खांदा वर गेला की समजायचं, काल कुणीतरी काहीतरी बोललंय. मग सगळ्यांचं झालं, हात धुतले, पेपर उघडले, की ती तव्यावर उरलेलं — तुटलेलं, कडा जळलेलं — ते पातेल्याच्या झाकणात घेऊन सिंकपाशी उभ्यानं खाते. झाकणात! ताटल्या कमी आहेत का घरात?

मग मी काय केलं, तर खुर्ची ठेवली. मागच्याच महिन्यात. कॉलेज संपवून मी घरी परत आले होते, होस्टेलवर राहिलेली मुलगी म्हणजे डोक्यात वारं, असं काकांचं म्हणणं. मी आईचा हात धरला, आणि गॅस बंद करून तिला टेबलाशी बसवली. बसली बिचारी. काय गंमत झाली असेल सांगा बघू? नाही, भांडण नाही! सगळे रिकाम्या ताटल्या पुढे घेऊन बसले. आजोबांनी चमचा सरळ केला. काकांनी घड्याळात बघितलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. सगळे वाट बघतायत! कुणाची? तर आईची — आणि आई समोर बसलेली! देव शपथ, असं वाटत होतं की आता कुणीतरी तिलाच विचारेल, ‘अगं, तुझी आई कुठे गेली?’ शेवटी तिलाच आमची दया आली आणि ती उठली. मग पुढच्या रविवारी मी म्हटलं, आज मी करते. काकांनी तर स्वतः उठून उलथनं माझ्या हातात दिलं, इतका आनंद झाला त्यांना. ‘हे बरं झालं, शिकायलाच हवं,’ म्हणाले. मी करायला लागले. आणि आई? टेबलाशी बसली असं वाटतंय तुम्हाला? ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली! मला मदत करायला! म्हणजे आधी एक उभी असायची, आता दोघी. टेबलावर बसलेल्या मंडळींत एक माणूस कमी झालं, एवढाच काय तो फरक. तेव्हा मला कळलं की खुर्ची ठेवून काही होत नाही. गडबड गॅसमध्ये आहे. गॅस भिंतीला खिळलेला आहे, आणि जो त्याच्यासमोर जाईल तो टेबलाला पाठ करणारच. तेव्हा माणसाला टेबलाशी आणून उपयोग नाही, आगच टेबलावर आणली पाहिजे!

टोस्टर? टोस्टर आहे की आमच्याकडे. पण लोणी लावायला आई लागते. नाही नाही, हेच बरोबर आहे, कारण मी बघितलंय. होस्टेलवर रविवारी सकाळी मोठ्या टेबलावर एक वॉफल मेकर असायचा, ठोकळ्यासारखा, कधीकाळी पांढरा असावा. शेजारी पिठाचा जग. ज्याला भूक, त्यानं झाकण उघडायचं, ओतायचं, मिटायचं, दिवा विझला की काढायचं. बस! एकदा आमच्या विभागप्रमुख आल्या होत्या नाश्त्याला. केवढ्या विद्वान बाई, वर्गात सगळे चळाचळा कापायचे — त्यांनी काठोकाठ पीठ ओतलं आणि झाकण दाबलं, आणि चारी बाजूंनी पीठ बाहेर! बाहीवर, टेबलावर, पर्समध्ये! आणि त्या काय म्हणाल्या माहिती आहे? ‘कमी ओतायचं असतं वाटतं.’ पुसलं, आणि दुसऱ्यांदा कमी ओतलं. तेवढंच! त्यांना कुणी शिकवलं नाही, कुणी त्यांच्या हातातून जग काढून घेतला नाही, आणि आभाळही कोसळलं नाही. मी तिथेच ठरवलं होतं, पहिला पगार झाला की...

अय्या, हा कुठला? खालच्या फळीवरचा? राखाडी आहे म्हणून कुणी घेत नाही? अहो राखाडी असू दे, नाहीतर चॉकलेटी असू दे! चार चौकोन? एका वेळी चार? कुणाला फारशी वाटच बघायला नको! आणि ही वायर — धरा, धरा — सोडत राहा — अजून आहे? अजून?... मिक्सरचं खोकं! पोचली! दादा, पोचली! नाही, नाचत नाहीये, तोल गेला जरा. काय बाई, इतका आनंद मला निकाल लागला तेव्हा झाला नव्हता. हाच. हाच द्या. चालवून दाखवता? दाखवा ना, मला बघायचंय. हे बटण कशाचं — कडक आणि मऊ? वा. घरात कुणाला कसं आवडतं? ते मला झोपेतून उठवून विचारा! आजोबांना मऊ, दातांमुळे, पण दातांमुळे असं म्हणायचं नाही, ‘मला नाजूक लागतं’ असं म्हणतात ते. काकांना कडक, इतकं कडक की शेजारच्या घरात आवाज गेला पाहिजे. बाबा ‘काकांसारखंच’ म्हणतात, पण काकांचं लक्ष नसलं की मऊ घेतात. मला मधलं. आणि आईला...

आईला.

थांबा हं. आईला... नाही, तिला काय, ती... गंमतच आहे. मी तिला गरम काही खाताना बघितलेलंच नाही ना, तर गार झाल्यावर कडक काय नि मऊ काय, सगळं चामड्यासारखंच. तुम्ही किती साधा प्रश्न विचारलात. मला वाटलं होतं मी या घरातली एकटी आहे जिला आईचं सगळं... असू दे. विचारते. आई! ए आई! तुला कसं आवडतं गं — कुरकुरीत की मऊ? — काय म्हणाली ऐकलंत? ‘काहीही चालेल.’ दादा, या बटणावर ‘काहीही चालेल’ असं एखादं चिन्ह आहे का? नाही ना? मग तिला दोन्ही करून खाऊन बघावं लागेल. एक कडक, एक मऊ, दोन्ही गरम, टेबलाशी बसून, आमच्याकडे तोंड करून. आणि पहिले! आजोबांच्या आधी! येत्या रविवारी टेबलावर हा ठेवायचा, पिठाचा जग ठेवायचा, उलथनं लपवून टाकायचं — हो, मी जागा पण बघून ठेवलीय, चपलांच्या कपाटात, तिथे कुणी जन्मात वाकत नाही — आणि काकांना म्हणायचं, घ्या काका, भूक लागली ना, झाकण उघडा आणि ओता! काकांचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय माझ्या, अगदी तुमच्या मागे उभे असल्यासारखा —

काका! तुम्ही कधी आलात?

चपलांच्या कपाटापासून ऐकलंत की त्याच्या आधीपासून? ...बरं. आधीपासून. मग बरंच झालं, दोनदा सांगायला नको. हे काय आणलंत हातात? एका वेळी एकच वॉफल होणारा? गोल, लहान? आणि त्याच्यावर मोफत काय — एप्रन! दादा, बघा, काकांनी एप्रन शोधून काढला! फुलाफुलांचा! हो काका, दिसतंय, चांगल्या कापडाचा आहे. कुणाच्या मापाचा आणलात? तुमच्या की आजोबांच्या?

चिडू नका. मी हसत नाहीये तुम्हाला. बरं, हसतेय, पण चेष्टा नाही करत. टेबलाचं पॉलिश जाईल? खाली लाकडी फळी ठेवू. वायरीत पाय अडकेल? ती भिंतीच्या बाजूनं जाणार, तिकडे तुमचीच खुर्ची आहे, आणि तुम्ही नाश्त्याला एकदा बसलात की कुठे उठता? — हे उलट बोलणं नाही काका, हे खोलीचं वर्णन आहे. ‘तिला आवडतं करायला’? असेल. तुम्ही विचारलंय कधी? नाही, तसं नाही, नुसतं ‘आवडतं’ म्हणू नका, कधी विचारलंत ते सांगा. आजोबा, या, तुम्हीही या, बसा इथे. चक्कर येतेय का खुर्चीची? आजोबा, ऐका, मी तुम्हाला एकच विचारते, अगदी प्रेमानं विचारते: जिनं केलं तिनं शेवटी का खायचं? नाही, ‘विचारायचं नसतं’ हे उत्तर नाही. तुमच्या आईनं सांगितलं होतं? मग त्यांना कुणी सांगितलं होतं? ...त्या पण झाकणातच खायच्या का हो? ...अच्छा. कशात खायच्या ते तुम्ही बघितलं नाही. मीही आईला कसं आवडतं ते बघितलं नाही, तेव्हा आपण दोघं सारखेच. पण मी आता बघणार आहे.

काय म्हणालात काका? पुन्हा म्हणा, आईलाही ऐकू दे. ‘ठीक आहे, तुझं खरं. मोठा घे, टेबलावर ठेव. टेबलावरच करेल ती, आपल्यात बसून गप्पा मारत करेल.’ — किती समजूतदारपणा! दादा, बघा ना, केवढं पुढे आले माझे काका, आग टेबलावर यायला परवानगी मिळाली, फक्त आगीबरोबर आईही आली पाहिजे. म्हणजे ती बसेल, पण ओतेल तीच. झाकण उघडेल तीच. तुमची ताटली सरकली की तिचा हात पुढे येईल, आणि शेवटचं, जळलेलं, तिच्या ताटलीत, आणि सगळे म्हणतील, बघा, आता तर ती आमच्याबरोबर बसते.

नाही.

नाही काका. मला हा तह नको. एप्रन तुम्ही परत ठेवा. मशीन माझ्या पैशांचं आहे, आणि याच्यात आईनं कुणासाठी एकही वॉफल करायचं नाही. स्वतःसाठी करेल, मन झालं तर. आजोबा, तुमचं तुम्ही ओतायचं. हात थरथरतात? मी जग धरते, ओताल तुम्ही. सांडलं तर पुसू. काका, तुम्हाला फ्रिजचा कॉम्प्रेसर कळतो, तुम्हाला झाकण मिटता येईल. आणि नाहीच जमलं, अगदी अपमान वाटला, तर त्या दिवशी खाऊ नका. खरंच सांगतेय. उपाशी बसा टेबलाशी. मी तुमच्यासाठी उठणार नाही आणि तिला उठू देणार नाही. हात धरून ठेवीन तिचा. — आई, हसू नकोस, मला पण येतंय, मी मोठ्या मुश्किलीनं गंभीर झालेय! मध्ये नको पडू, ‘जाऊ दे’ नको म्हणू. जाऊ देणार नाही.

काका?

आजोबा, तुम्ही बोला. मघाशी काका बोलत होते ना, तेच. टेबलाचं पॉलिश. शिस्त. लोक काय म्हणतील. होस्टेलवर काय शिकवलं. म्हणा की, मी ऐकते... बाबांना बोलावू का गाडीतून?

कुणीच नाही?

अहो दादा, तुम्ही कशाला थांबलात? तुम्ही बिल करा.